तीन हजारांत पाच भेटी

वाचकाचे पत्र : आमच्या नात्यात आणि ओळखीत घरी बेकिंग करणारी माणसे एकाएकी वाढली आहेत. पाथर्डी फाट्याला राहणाऱ्या माझ्या जाऊबाई ऑर्डरचे केक करतात. सोळा वर्षांची भाची मोबाइलवर पाहून ब्राउनी करते. यजमानांच्या आत्या पंचवटीत राहतात आणि दर दिवाळीला कढईत नानकटाई भाजतात. कार्यालयातले एक सहकारी घरी पाव करू लागले आहेत, आणि शरणपूर रस्त्यावरच्या आमच्या जुन्या शेजारीणबाई दर नाताळाला न चुकता केक पाठवतात. मला स्वयंपाक येतो, पण बेकिंगमधले ओ की ठो कळत नाही. दिवाळी व नाताळ मिळून पाचही जणांसाठी माझ्याकडे ३,००० रुपये आहेत. गेल्या वर्षी भाचीला ऑनलाइन मागवलेला केक सजावटीचा मोठा संच दिला होता, तो अजून खोक्यातच आहे. यंदा काय द्यावे? की सरळ पाकीट द्यावे? – एक वाचक, सिडको, नाशिक.

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रातले सर्वांत उपयोगी वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे, ते म्हणजे गेल्या वर्षीचा संच खोक्यातच असल्याचे. त्यात भाचीचा दोष नाही. सहा-सातशे रुपयांत शंभर नग देणाऱ्या अशा संचातले फिरते ताट हलक्या प्लास्टिकचे असते आणि केकचे वजन पडताच एका अंगाला कलते, नोझल (क्रीम पिळायच्या टोकदार नळ्या) इतक्या पातळ पत्र्याच्या असतात की दोन-चार धुण्यांत गंजू लागतात, आणि उरलेले बरेचसे नग निव्वळ संख्या भरून काढण्यासाठी घातलेले असतात. कमी पैशांत भेट घ्यायची असली की मी एक पथ्य पाळते : महाग वस्तूची स्वस्त नक्कल घ्यायची नाही, जी वस्तू मुळातच स्वस्त आहे तिच्यातला उत्तम नग घ्यायचा. पाचशे रुपयांत चांगला बीटर येत नाही, परंतु तेवढ्याच पैशांत चाळणी, जाळी, वजनकाटा किंवा सिलिकॉनचे उलथणे यांतला बाजारातला पहिल्या प्रतीचा नग मिळतो आणि तो दहा वर्षे टिकतो.

हे पथ्य मला फुकट शिकायला मिळालेले नाही. काही वर्षांपूर्वी मी माझ्या भावजयीला १० इंची, बाजूला चाप असलेले आणि तळ सुटा होणारे केकचे भांडे मोठ्या हौसेने दिले होते. तिच्याकडचा ओव्हन १९ लिटरचा. भांडे कसेबसे आत गेले, पण चाप दाराला टेकला आणि दार मिटेना. शिवाय भांड्याभोवती गरम हवा खेळायला दोन-तीन सेंटिमीटर जागा लागते, तीही उरली नव्हती. हल्ली त्या भांड्यात लसूण असतो.

म्हणून बाजारात जाण्यापूर्वी, दिवाळीच्या साफसफाईच्या किंवा चकलीचा सोऱ्या मागण्याच्या निमित्ताने का होईना, प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात एक फेरी मारा. ओव्हन ओटीजी (नुसता विजेचा, भाजण्याचा) आहे, कन्व्हेक्शन (गरम हवेने भाजण्याची सोय असलेला) मायक्रोवेव्ह आहे की कढईवरच काम भागते, साहित्य वाटीने मोजले जाते की वजनाने, आणि घरात अंडे चालते की नाही, एवढे आपल्याला कळायला हवे. कन्व्हेक्शनवर धातूचे भांडे चालते, मायक्रोवेव्हच्या पद्धतीवर ते ठेवता येत नाही. असा साधा फरक ठाऊक नसला की काचेऐवजी पत्रा आणि पत्र्याऐवजी काच घेतली जाते.

आता भाचीपासून सुरुवात करू, कारण तिचे नुकसान आपल्याला भरून काढायचे आहे. तिला वजनकाटा द्या. ती ज्या कृती पाहते त्या बहुधा कपाच्या मापात असतात आणि तो कप साधारण २४० मिलिलिटरचा असतो. आपल्याकडे त्याच्या जागी घरातली वाटी किंवा चहाचा कप येतो, आणि प्रत्येक घरची वाटी निराळी. पण खरी गडबड मापापेक्षा मैद्यात आहे. चमच्याने अलगद भरलेल्या एका कपात साधारण १२० ग्रॅम मैदा बसतो आणि तोच कप डब्यात खुपसून, दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे कृती तीच, हात तोच, तरी एके दिवशी मैदा पाव हिश्शाने जास्त पडला आणि ब्राउनी कोरडी झाली. मुलगी समजते की आपल्याला जमत नाही. प्रत्यक्षात तिला मोजायला साधन नसते.

काटा ५ किलोपर्यंत तोलणारा, १ ग्रॅमचा फरक दाखवणारा आणि भांडे ठेवून आकडा शून्यावर आणता येणारा असावा. साधारण चारशे ते पाचशे रुपयांत तो मिळतो. आकड्यांची पट्टी वजन ठेवायच्या तबकडीच्या पुढे आलेली असावी, नाहीतर मोठे पातेले ठेवले की आकडाच झाकला जातो. दुकानात तपासायचे असेल तर १०० ग्रॅमची लोण्याची वडी वेष्टनासह ठेवून पाहा, आकडा शंभराहून किंचित वर दिसला म्हणजे काटा ठीक आहे. सोडा किंवा बेकिंग पावडरसारखी दोन-तीन ग्रॅमची वस्तू मात्र अशा काट्यावर नीट तोलता येत नाही, म्हणून सोबत ५ आणि १५ मिलिलिटरचे चमचे असलेला स्टीलचा मापचमच्यांचा जुडगा द्या. बॅटरी आठवणीने घाला. तिच्याकडे काटा आधीच असला तर त्याच पैशांत ओव्हनमध्ये टांगायचा तापमापक घ्या, कारण घरगुती ओव्हनचे बटण १८० अंशांवर असताना आत १६० किंवा २०० अंश असणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

जाऊबाईंच्या बाबतीत मी आपल्याला वेगळे सांगेन. जी बाई विकण्यासाठी केक करते तिला अवजारे भेट देऊ नयेत. तिचा हात तिच्या पॅलेट नाइफला (क्रीम पसरायच्या बोथट सुरीला) आणि तिच्या नोझलना बसलेला असतो, आणि आपण आणलेली नवी नोझल ती आपल्यासमोर कौतुकाने पाहील व खणात ठेवून देईल. तिला जे रोज संपते ते द्या. केकची खोकी, खालचे पुठ्ठ्याचे बोर्ड, क्रीम भरायच्या पायपिंग बॅगा, बटर पेपर या वस्तूंवर तिचा नफा थेंबाथेंबाने गळत असतो. तिचे नेहमीचे माप विचारून (बहुतेकींकडे अर्ध्या किलोच्या ६ इंची केकचे काम सर्वांत जास्त असते) पंचवीस खोकी बोर्डांसह घ्या.

बटर पेपर घेताना मात्र सावध राहा. आपल्याकडे या एकाच नावाखाली दोन निरनिराळे कागद विकले जातात. त्यांतला एक सिलिकॉनचा लेप दिलेला असतो. तो ओव्हनमध्ये चालतो, केक त्याला चिकटत नाही, आणि त्याच्या खोक्यावर २२० किंवा २३० अंशांपर्यंतची मर्यादा छापलेली असते. दुसरा पराठे, सँडविच गुंडाळण्याचा मेणचट कागद, जो ओव्हनमध्ये गेला की धूर करतो आणि केकच्या बुडाला चिकटून बसतो. सुटा, रद्दीच्या भावाने मिळणारा कागद कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. तापमान छापलेले खोकेच मागा.

कोको पावडर द्यावीशी वाटली तर जाऊबाईंच्या फळीवरच्या पाकिटाचा फोटो काढा आणि तीच आणा. साधी कोको आम्लधर्मी असते आणि खाण्याच्या सोड्याबरोबर तिची क्रिया होऊन केक फुलतो, तर अल्कलीची प्रक्रिया केलेली गडद रंगाची डच कोको सोड्याला तसा प्रतिसाद देत नाही, तिला बेकिंग पावडर लागते. ‘अधिक भारी’ म्हणून आपण दुसरीच आणली तर तिच्या ठरलेल्या कृतीचा तोल जाईल.

या भेटीत एक चैन बसवता येईल. बाजारातला व्हॅनिला एसेन्स बहुतांशी कृत्रिम व्हॅनिलिनचा असतो आणि अर्ध्या किलोच्या केकच्या भावात गिऱ्हाइकाला खरा व्हॅनिला घालून देणे परवडत नाही. त्यामुळे रोज केक करणाऱ्या बाईच्याही घरात खऱ्या व्हॅनिलाची शेंग बहुधा नसते. केरळ-कर्नाटकात पिकणाऱ्या या शेंगा दोन घ्या. शेंग काळसर, तेलकट आणि बोटाभोवती वळणारी असावी. कडक होऊन मोडणारी शेंग जुनी समजावी. ती उभी चिरून साखरेच्या बरणीत पुरून ठेवली की पंधरा दिवसांत सगळ्या साखरेला वास लागतो. ही गोष्ट त्यांच्या व्यवसायासाठी नाही, त्यांच्या घरच्या खिरीसाठी आहे, आणि देताना तसे सांगा. खोकी, कागद आणि शेंगा मिळून साधारण आठशे रुपये होतील. पाचांत सर्वांत मोठा वाटा हाच ठेवा. (आणि स्पष्ट लिहिते म्हणून राग मानू नका : या भेटीच्या बदल्यात पुढच्या वाढदिवसाचा केक कमी दरात मिळेल, अशी अपेक्षा मनात असेल तर भेट देऊच नका. ऑर्डरचे काम करणाऱ्या बायकांना नातेवाइकांच्या या हिशेबाचाच सर्वांत जास्त त्रास होतो.)

आत्याबाईंची गोष्ट वाचून मला माझे लहानपण आठवले. तेव्हा घरोघरी ओव्हन नव्हते. रवा, बेसन, मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यांत भरून गल्लीजवळच्या बेकरीत न्यायची, तिथे आपल्यासमोर पीठ मळून ट्रे भट्टीत जायचे आणि गरम नानकटाई आपल्याच पत्र्याच्या डब्यातून घरी यायची, अशी दिवाळीच्या आधीची ठरलेली फेरी असे. ज्या बाईने ती चव कढईत आणि मिठाच्या थरावर साधली आहे तिला ओव्हन घ्या म्हणून सुचवण्याच्या फंदात पडू नये. तिची अडचण बहुधा ताटलीची असते. घरातली स्टीलची ताटली पातळ असल्यामुळे उष्णता एका जागी धरते आणि मधल्या नानकटाया करपतात, तर कडेच्या कच्च्या राहतात. त्यांना जाड ॲल्युमिनियमची, बुटक्या काठाची, सपाट गोल ताटली द्या. ॲल्युमिनियममधून उष्णता सगळीकडे सारखी पसरते, आणि फिकट, चकचकीत पृष्ठभागावर तळ उशिरा लाल होतो, म्हणून काळ्या नॉनस्टिकच्या मोहात पडू नका. ताटली आणि कढई यांच्यामध्ये चहूबाजूंनी बोटभर जागा राहिली पाहिजे, तेव्हा कढईचे आतले माप ज्या उंचीवर ताटली बसते त्या उंचीवर घ्यायला हवे, काठावर नव्हे.

आत्याबाई सोवळे-ओवळे पाळणाऱ्या असतील, तर दुधाचा हात फिरवायला केसांचा ब्रश देऊ नका. बेकिंगचे केसाळ ब्रश अनेकदा डुकराच्या राठ केसांचे असतात आणि पाकिटावर ते कधी कधी इतक्या बारीक अक्षरांत लिहिलेले असते की देणाऱ्याला कळत नाही आणि घेणाऱ्याला नंतर कळते. सिलिकॉनचा ब्रश घ्या. त्याच कारणाने रंगीबेरंगी गोळ्या आणि चमकी यांवरचा हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय त्या कोणाही शाकाहारी घरात नेऊ नयेत, कारण त्यांतल्या काही लाल रंगांचा उगम किड्यांत असतो. ताटली आणि ब्रशासोबत चार अखंड जायफळे व ती किसायची छोटी किसणी दिलीत की आत्याबाईंची भेट पाचशे रुपयांच्या आत पूर्ण होते. जायफळाची तयार पूड मात्र नको. तिचा वास डबा उघडल्यापासून उडत जातो.

पाव करणाऱ्या सहकाऱ्यांना काय द्यावे, हे आपल्या नाशिकच्या थंडीने ठरवून टाकले आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी होतो, आणि शहरातल्या ओट्यावरही पहाटे बऱ्यापैकी गारठा असतो. उन्हाळ्यात तासाभरात दुप्पट होणारी कणीक त्या दिवसांत तीन तास जागची हलत नाही, आणि नवशिक्या माणूस यीस्ट खराब निघाले म्हणून ते फेकून देतो. कणकेचे तापमान २५ अंशांच्या आसपास असले की काम सुरळीत होते. टोचून तापमान दाखवणारा डिजिटल तापमापक चारशे रुपयांच्या आसपास मिळतो. त्याने पाणी किती कोमट आहे हे कळते, कणीक किती गार आहे हे कळते आणि पाव आत शिजला की नाही तेही कळते, कारण शिजलेल्या पावाचा गाभा साधारण ९३ ते ९८ अंशांवर असतो. जोडीला ओट्यावरची चिकट कणीक खरवडून काढणारी, कापणारी स्टीलची पट्टी दीडशे रुपयांत घ्या. यीस्टचे अर्ध्या किलोचे पाकीट स्वस्त दिसते म्हणून घेऊ नका. ते बेकरीसाठी असते, आणि एकदा फोडलेले यीस्ट घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजमध्ये ठेवूनही तीन-चार महिन्यांत वापरावे लागते.

शेजारीणबाईंसाठी भेट काय, यापेक्षा ती केव्हा द्यायची हे महत्त्वाचे आहे. आपण ती नाताळाला द्यायचे ठरवले असणार. दिवाळीतच द्या. नाताळचा केक करणाऱ्या घरांत सुकामेवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच भिजत घातला जातो, त्यामुळे २३ डिसेंबरला नेऊन दिलेले बेदाणे पुढच्या वर्षाची वाट पाहतात.

आणि बेदाणे तर आपल्या जिल्ह्यातले. फेब्रुवारी ते एप्रिल या हंगामात द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइल मिसळलेल्या पाण्यात बुडवतात, त्याने सालीवरचा मेणासारखा थर सैल होतो, आणि मग शेडमधल्या जाळ्यांवर ती सावलीत साधारण पंधरा दिवस वाळतात. पिवळाधमक बेदाणा गंधकाची धुरी दिलेला असतो. त्याचा रंग टिकतो, पण काहींना तो वास केकमध्ये जाणवतो. केकसाठी मी हिरवट आणि काळा असा दोन्ही प्रकारचा, प्रत्येकी पाव किलो घेते. काळा केकला रंग देतो आणि हिरव्याची आंबटसर चव वेगळी कळते. दाणा बोटांत दाबून पाहा. तो मऊ असावा, देठ राहिलेले नसावेत आणि सालीवर साखरेचे खडबडीत कण आलेले नसावेत. बाई रममध्ये भिजवतात की संत्र्याच्या रसात, हे आपण विचारायचे नाही आणि भिजवूनही द्यायचे नाही. रममध्ये मेवा महिनोन्महिने टिकतो, रसातला मात्र फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावा लागतो, आणि तो निर्णय त्यांच्या घरचा आहे.

आपण स्वयंपाक येतो असे लिहिले आहे, म्हणून या भेटीत एक गोष्ट स्वतःच्या हातची घाला. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची नागपुरी संत्री येऊ लागतात. चार-सहा संत्र्यांच्या साली पट्ट्या कापून, दोन-तीनदा पाणी बदलून उकळा, म्हणजे कडवटपणा उतरेल. मग साखरेच्या पाकात त्या पारदर्शक दिसू लागेपर्यंत मंद आचेवर शिजवा आणि चाळणीवर दोन दिवस सुकू द्या. मुरंबा करणाऱ्या हाताला यात नवे काही नाही. दुकानातल्या टुटीफ्रुटीत कच्च्या पपईचे तुकडे, साखर आणि रंग असतो. नाताळचा केक करणारी बाई ही संत्र्याची साल पाहून काय समजायचे ते समजेल. दोन्ही बेदाणे आणि थोडे काजू, बदाम मिळून पाचशेच्या आसपास खर्च येईल.

पाकिटाबद्दल विचारले आहे, तर जाऊबाईंना ते चालेल, कदाचित आवडेलही. सहकाऱ्यांना ते अवघड वाटेल आणि आत्याबाई ते उलट आपल्याच मुलांच्या हातात ठेवतील.

वेष्टनाच्या चकचकीत कागदावर पैसे घालवू नका. प्रत्येक भेट पांढऱ्या सुती पंच्यात किंवा मलमलच्या रुमालात बांधा. पावाची कणीक झाकायला, नानकटाई गार होताना वरून पांघरायला ते कापड उपयोगी पडते. सगळे मिळून हिशेब २,८०० ते २,९०० रुपयांपर्यंत जाईल. भाव दुकानागणिक थोडे इकडेतिकडे होतील, म्हणून उरलेली रक्कम लगेच खर्चू नका.

ताटलीसाठी भांडी बाजारातच जा, कारण जाड ॲल्युमिनियम हातात घेऊन, वजन पाहून निवडण्याची सोय ऑनलाइन नाही. मात्र धनत्रयोदशीला तिकडे फिरकू नका. त्या दिवशी नाशिककरांची भांडे खरेदीसाठी झुंबड असते आणि दुकानदाराला आपल्याशी बोलायला सवड नसते. वसुबारसेच्या आठवडाभर आधी, मधल्या वारी सकाळी दुकाने उघडताच जा, आत्याबाईंच्या कढईचे माप घेतलेली सुतळी पर्समध्ये असू द्या, आणि माप चुकले तर ताटली बदलून मिळेल का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्या.